जमीन पाहून बेणे, मन पाहून पुस्तक



गळीत हंगाम आटोपला. धुराडे थंडावले, ऊसतोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि गट ऑफिसच्या ओट्यावर पुन्हा गप्पा रंगू लागल्या. परवा त्याच ओट्यावर आम्ही सहज वाचनाचा विषय काढला. एक वयस्कर सभासद फटकन म्हणाले, "आवं, पुस्तकं वाचून एकरी टनेज वाढतं का? वाढत आसंल तर सांगा, उद्यापास्नं वाचतो." सगळे हसले, आम्हीही हसलो. मात्र नानांना द्यायचे उत्तर त्या वेळी सुचले नाही. ते आज लिहून देत आहोत.

नाना, टनेजासाठी वाचायचे तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' आहेच. ती प्रत्येक ऊस उत्पादकाच्या घरात असावी. पण आपले सगळेच दिवस टनेजाचे नसतात. पाटाचे आवर्तन लांबते आणि उभा ऊस वाळू लागतो. तोडीची चिठ्ठी वेळेवर येत नाही. बांधाचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो. शिकलेला मुलगा ना नोकरीला लागतो, ना शेतात रमतो. अशा दिवसांत माणसाने आपल्या मनाचे काय करावे, हे खताच्या गोणीवर छापलेले नसते. तिथे पुस्तक लागते.

आता कोणी म्हणेल, "आम्हाला तर पुस्तक हातात घेतलं की झोप येते." आमचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा तिथे बेणे चुकलेले असते. को ८६०३२ ही जात महाराष्ट्रभर नावाजली, तरी जमीन चोपण असेल तर शेतकी खात्याचा माणूस कोएम ०२६५ घ्या म्हणून सांगतो. बेण्याच्या बाबतीत आपण इतका विचार करतो. पुस्तक मात्र शाळेच्या बक्षिसात आले म्हणून, किंवा कोणी तरी थोर म्हणाले म्हणून उघडतो, आणि चार पाने वाचून फडताळात टाकतो.

आमच्या एका स्नेह्याचेच उदाहरण सांगतो. एका वर्षी त्यांच्या ऊसाला हुमणी लागली, त्यात सोसायटीची थकबाकी. कोणीतरी त्यांना सदानंद देशमुखांची 'बारोमास' दिली. कादंबरी चांगलीच आहे, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आहे. पण कर्जात रुतलेल्या शेतकरी घराची ती कहाणी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्तक परत केले. म्हणाले, "हे तर आमच्याच घरात चाललंय, परत वाचू कशाला?" दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा! मग त्यांना द. मा. मिरासदारांच्या कथा दिल्या. पुढे वहिनींनी आम्हाला सांगितले, "भावजी, कितीतरी दिवसांनी रात्री ह्यांना हसताना ऐकलं." त्या हसण्याने थकबाकी फिटली नाही हे खरे. पण सकाळी उठून सोसायटीच्या सचिवासमोर जाऊन बसायचे बळ आले, आणि पुढचा मार्ग निघाला.

त्यावरून आम्ही एक नियम बांधला आहे. मन जड असेल तेव्हा हसवणारे पुस्तक घ्यावे, आणि हातात बिलाचा हप्ता असेल तेव्हा रडवणारे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. पहिल्या प्रकारासाठी मिरासदारांची 'व्यंकूची शिकवणी' किंवा 'माझ्या बापाची पेंड', शंकर पाटलांच्या कथा, पु. ल. देशपांड्यांची 'व्यक्ती आणि वल्ली' ही खात्रीची औषधे आहेत. मिरासदार आणि पाटील यांच्या गोष्टी मोठ्याने वाचण्याजोग्या असतात. वजनकाट्यापाशी ट्रॅक्टरची रांग लागली असताना एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे.

रात्रीच्या भरण्याला गेलेल्या माणसाचे मन वेगळे असते. बारे भरेपर्यंत तो असतो आणि वरचे आभाळ असते. अशा शांत मनाला आपल्या जिल्ह्यानेच सर्वात मोठा ग्रंथ दिला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली. तो पैसाचा खांब आपण दर्शनाला जाऊन पाहतो. पण सप्ताहात ऐकलेली ज्ञानेश्वरी आणि एकट्याने सावकाश रोज पाच ओव्या वाचलेली ज्ञानेश्वरी यांत फरक पडतो, तो अनुभव घ्यावा. त्याच खांबावरून नाव घेतलेले दुर्गाबाई भागवतांचे 'पैस' हे पुस्तक आहे. त्याला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचेच 'ऋतुचक्र' बारा महिन्यांतल्या झाडापानांवर आहे. आपण रोज पाहतो ते दुसऱ्याने किती बारकाईने पाहिले आहे, हे वाचून शेतकऱ्याला गंमत वाटते.

भगिनींसाठी निराळे सांगायचे कारण एवढेच की घरातले पुस्तक अजून ओसरीवरच अडते, चुलीपर्यंत पोचत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. टिळक दांपत्याचा संसार राहुरीत आणि नगरला झाला, म्हणजे ही आपल्याच भागातली बाई. शाळेचे शिक्षण नाही, नवरा कवी आणि लहरी, त्याने धर्म बदलला तेव्हा सारा गणगोत पाठ फिरवून बसला. असे सगळे सोसूनही बाई स्वतःच्या फजितीवर हसत हसत लिहिते. घरातल्या कटकटींनी जीव मेटाकुटीला आला असेल, त्या दिवशी हे पुस्तक कोठूनही उघडावे. आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना सुनेने किंवा नातीने बहिणाबाई चौधरींची गाणी वाचून दाखवावीत. त्या स्वतः निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या टिपून ठेवलेल्या म्हणून वाचल्या, आणि १९५२ साली पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. आपल्या आजीच्या जात्यावरच्या किती ओव्या कोणी न टिपल्याने गेल्या, याचाही विचार त्या निमित्ताने व्हावा.

तरुण पोरांची तऱ्हा आणखी निराळी. दिवसभर डोळे मोबाईलवर आणि विचारले तर "काही नाही, बसलोय." त्यांना उपदेशाचे पुस्तक देऊ नये, ते उघडणारच नाहीत. आनंद यादवांचे 'झोंबी' द्यावे. १९८७ सालचे हे आत्मचरित्र आहे. शिकायची ओढ असलेला मुलगा आणि त्याला मळ्यात राबवू पाहणारा बाप, यांची ती झोंबी. मुलाने वाचून झाल्यावर बापानेही वाचावे. ज्याला धाडसाची आवड आहे त्याला प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' द्यावी. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या एका तरुण इंजिनिअरची ती गोष्ट आहे. एका बैठकीत संपते आणि संपल्यावरही नोकरी म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय हे डोक्यात घोळत राहते.

राजकारणाची आवड तर आपल्याकडे न पेरता उगवते. अशा मंडळींनी रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' वाचावी. संगमनेरच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या या लेखकाला तिच्यासाठी १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावपुढारी, शिक्षणसंस्था, सहकार सगळे तीत आहे. वाचताना शेजाऱ्याचा चेहरा दिसेल, आणि प्रामाणिक वाचकाला स्वतःचाही दिसेल. इतिहासाची गोडी असलेल्यांनी पंडित नेहरूंचा 'भारताचा शोध' हाती घ्यावा. १९४४ साली पाच महिन्यांत तो आपल्या नगरच्या किल्ल्यात, कैदेत लिहिला गेला. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. ज्या अहिल्यादेवी चोंडीत जन्मल्या, त्यांच्यावरची विजया जहागीरदार यांची 'कर्मयोगिनी' घरातल्या मुलामुलींना द्यायला चांगली.

आता नियमाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण खरे सांगायचे ते तिथेच आहे. बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, मुलीचे लग्न पार पडले, मन भरलेले आहे, त्या वेळी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' काढावी. धरणात गाव गेलेल्या माणसांची ही कादंबरी आहे. आपल्या ऊसाला येणारे पाणी कुठल्या तरी धरणातून येते आणि त्या पाण्याखाली कोणाची तरी चूल, कोणाचे तरी देऊळ आहे, हे आपण सोयीने विसरतो. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ साली झाले, ते अकोले तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली आले. पाटीलकीच्या ओसरीवरून दिसणारे गाव आणि महारवाड्यातून दिसणारे तेच गाव किती वेगळे असते, हे त्यात आहे. वाचताना राग येईल, काही ठिकाणी मान खाली जाईल. तरी पुस्तक मिटू नये.

तसेच व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालचे छोटेसे पुस्तक, पण दुष्काळाने एक वाडी कशी ओस पडते हे त्यात असे उतरले आहे की आपल्या फडात कोयता घेऊन येणारा माणूस घर सोडून का निघतो, ते मनाला भिडते. पाथर्डीकडून, बीडकडून दर वर्षी टोळ्या येतात. आपण त्यांना टोळी म्हणतो, मुकादमाच्या नावाने ओळखतो. पाच महिने ते आपल्या बांधावर राहतात आणि त्यांच्या पोरांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. पुस्तकाने टनेज वाढत नसेल, पण ते टनेज तोडणाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलत असेल, तर सहकारी म्हणवणाऱ्या कारखान्याच्या सभासदाला याहून मोठा लाभांश कोणता?

एवढी नावे सांगितली, पण पुस्तके मिळणार कोठे, हा प्रश्न खराच आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, आणि १९६७ च्या कायद्यानंतर सार्वजनिक ग्रंथालये गावोगावी झाली. तरी मध्यंतरी आम्ही एका गावी गेलो तेव्हा कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे, तो लग्नाला गेलेला. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या, जणू चारीला पाणी आहे पण दार बंद. अशा ठिकाणी दोष देत बसण्यापेक्षा सभासदांनी आठवड्यातून एकदा जाऊन पुस्तक मागावे. मागणाराच नसला तर किल्ली गंजणारच.

आमची एक सूचना आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ती सभासदांनी उचलून धरावी. प्रत्येक गट ऑफिसात पंचवीस-तीस पुस्तकांची एक ग्रंथपेटी ठेवावी, बिनकुलपाची. चिठ्ठीबॉयकडे एक वही असावी, नेणाऱ्याने नाव लिहावे, तीन महिन्यांनी पेट्या एका गटातून दुसऱ्या गटात फिरवाव्यात. खर्च फार नाही. दोन-चार पुस्तके हरवतील, हरवू द्यावीत. हरवलेले पुस्तकही कोणाच्या तरी घरात असते. आणि हंगामात त्यातली एक पेटी, चित्रांच्या आणि गोष्टींच्या पुस्तकांची, टोळ्यांच्या पोरांसाठी कोप्यांवर जावी.

नाना, तुमच्यासाठी 'बनगरवाडी' गट ऑफिसात ठेवली आहे. पाने थोडी आहेत, अक्षर मोठे आहे. वाचून टनेज वाढले नाही तर ओट्यावर येऊन आमच्याशी जरूर भांडा, मात्र पुस्तक संपवून या.