फिरत्या गाण्याचा गीतकार कोण?

इंटरनेटवरच्या फुकट्यांनी संगीताचा धंदा बुडवला, असे रेकॉर्ड कंपन्या गेली पंचवीस वर्षे सांगत आल्या आहेत. समोरचे म्हणतात, गाणे फुकट फिरले तर कलावंताची कीर्तीच होते, नुकसान कोणाचेच नाही. मला दोन्ही मते मान्य नाहीत. का, ते नाशिक जिल्ह्यातल्याच एका गीतकाराकडे बोट दाखवून सांगता येईल.

आधी कंपन्यांची फिर्याद. तिच्यात तथ्य आहेच. १९९९ मध्ये गाण्यांच्या फाइल फुकट वाटू देणारे नॅपस्टर आले, २००१ मध्ये न्यायालयीन आदेशाने ते बंद पडले. पण तोवर फाइल पैशावाचून दुसऱ्याला देता येते हे जगाला कळून चुकले होते. १९९९ ते २०१४ या काळात जगातली ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आली. आपल्याकडे २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शंभरावर संकेतस्थळे अडवली गेली. तरी नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्डात गाणी 'भरून' मिळतच राहिली. पुढे ब्लूटूथ आणि शेअरइटने दुकानदाराचीही गरज ठेवली नाही. कॅसेटवाले उठले ते कायमचे.

पण मग २०२३ मध्ये याच धंद्याची जागतिक उलाढाल २८.६ अब्ज डॉलरवर कशी गेली? बुडालेला धंदा असा वर येतो का? बुडाली ती कॅसेट आणि सीडी विकण्याची रीत. गाणी ज्यांच्या ताब्यात होती ते स्ट्रीमिंगच्या गाडीत पुन्हा पुढच्याच बाकावर बसले.

शिवाय फिर्यादीचे हात स्वच्छ असावेत अशी एक जुनी अपेक्षा असते. फाइल नावाची चीज कोणाला ठाऊक नव्हती तेव्हा, १९७७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. एकरकमी पैसे घ्या आणि गाणे विसरा, हा रिवाज त्याने पक्का झाला. ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने दुसऱ्यांची गाजलेली गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेटींचा बाजार उभा केला, तोही कायद्यातल्या फटीचा आधार घेऊन. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद यायला २१ जून २०१२ उजाडला. म्हणजे कंपन्या ज्या गल्ल्यावर दरोडा पडला म्हणून ओरडत होत्या, त्यातली दमडीही बहुतेक गीतकारांच्या खिशात जात नव्हती. त्यांच्या नावाने गळा काढायचा अधिकार कंपन्यांना कोणी दिला?

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त फसवी वाटते, कारण ती श्रोत्याच्या सोयीची आहे. तिचे लाडके उदाहरण 'सैराट'. २०१६ मध्ये त्याची गाणी फोनाफोनांत फिरली आणि चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, मग नुकसान कुठे झाले? अहो, 'सैराट'ला तिकीटखिडकी होती. फिरणारे गाणे गिऱ्हाईक त्या खिडकीशी आणून सोडत होते. गायकाचेही जमते, गाणे गाजले की कार्यक्रमाची सुपारी येते. नुसत्या गीतकाराकडे कुठली खिडकी?

वामनदादा कर्डकांचे पाहा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. मृत्यू १५ मे २००४, नाशिक. हजारो गीते लिहिणारा आणि गावोगाव स्वतः गाणारा हा लोकशाहीर. त्यांची गाणी गायन पार्ट्यांनी उचलली, पोरांनी वह्यांत उतरवली, मंडळांनी १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला भोंग्यावरून ऐकवली. इंटरनेटच्या कितीतरी आधी ती तोंडोतोंडी 'शेअर' झाली आणि त्याने आंबेडकरी चळवळ वाढली. याला चोरी म्हणणाऱ्याला चळवळ कळलेली नाही. पण त्या फिरण्यात एक शिस्त होती. शेवटच्या कडव्यात 'वामन' येई. तुकोबांनी 'तुका म्हणे' घातले त्याच परंपरेतली ही नाममुद्रा. तुकोबांचे अभंग गावोगाव गेले, त्याने त्यांचे काही बिघडले नाही; सालोमालो मात्र त्यातले नाव काढून स्वतःचे घालतो म्हटल्यावर ते कडाडले.

फाइलने नेमके हेच केले. कॅसेटच्या वेष्टनावर गीत, संगीत, स्वर असे काहीतरी छापलेले तरी असे. मेमरी कार्डात उरले 'भीमगीत डीजे मिक्स ०३'. डीजेच्या मिश्रणात शेवटचे कडवे टिकेलच असे नाही, आणि ते कापले की नाममुद्राही गेली. पुढे तीच फाइल कोणीतरी यूट्यूबवर चढवतो. वर चॅनेलचे नाव ठळक, गायकाचे असले तर असले, गीतकाराच्या जागी 'पारंपरिक'! ही साधी बेपर्वाई राहत नाही. रॉयल्टी वाटणारी आयपीआरएस ही संस्था गाण्याची नोंद आणि नाव जुळवूनच पैसे देते. नाव गेले की पैशाचा पत्ताच हरवतो. आधीच्या काळात गीतकाराचा पैसा करारात बुडत होता, आता तो अनामिकतेत बुडतो.

यावर कोणी म्हणेल, चळवळीच्या गाण्यावर मालकी कसली सांगता? मालकी सांगतच नाही. गा, वाटा, फोनात भरा. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ म्हणते की हक्क विकून टाकले तरी 'हे माझे' म्हणण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही. गंमत अशी की त्याच कायद्याचे कलम ५२-अ ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे आणि हक्कमालकाचे नाव-पत्ता मागते. गीतकाराचे नाव छापलेच पाहिजे असे त्यात नाही. कायदा करणाऱ्यांनाही धनी आठवला, कवी राहून गेला. दुरुस्ती करायचीच तर इथे करा. फोनात गाणी भरून घेणाऱ्या रिक्षावाल्याच्या मागे पोलीस लावून गीतकाराच्या घरी काही पोचणार नाही.

वामनदादांच्या गीतांचा कॉपीराइट २०६४ च्या अखेरीपर्यंत चालू आहे. तेव्हा नाशिकच्या जयंती मंडळांना आणि चॅनेलवाल्यांना एवढेच सांगणे: गाणे लावण्याआधी गीतकाराचे नाव पुकारा, फाइलवर आणि वर्णनात ते लिहा, ठाऊक नसेल तर जुन्या गायन पार्टीवाल्यांना विचारा. आणि आज लिहिणाऱ्या पोरांनो, चाल बांधण्याआधी आयपीआरएसमध्ये नाव नोंदवा.