नव्या प्रकाशनाचे नाव काय ठेवावे?

मराठीत नवनवी प्रकाशने सुरू होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांची नावे मात्र एकमेकांत मिसळून जातात. शब्द, अक्षर, साहित्य, ज्ञान यांपैकी काहीतरी घ्यायचे, त्याला दीप, धारा किंवा वेल जोडायचे आणि पुढे ‘प्रकाशन’ लिहायचे, असा जणू शिरस्ताच पडला आहे. यामागची भावना चांगली असते, पण त्यातून संस्थेचे नुकसान होते. जे नाव पुस्तकांच्या धंद्यातल्या कुणालाही शोभेल, ते कुणा एकाचे म्हणून लक्षात राहत नाही. प्रकाशनाचे नाव पुस्तकांचे वर्णन करणारे नसावे. छोटे, ठसठशीत आणि शक्यतो साहित्याच्या परिघाबाहेरचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मौज’ हे नाव पाहा. ते आधी एका साप्ताहिकाचे होते आणि कानाला चक्क हलकेफुलके वाटते. तरीही श्री. पु. भागवतांच्या काटेकोर संपादनामुळे त्याच दोन अक्षरांना मराठीत केवढे वजन आले! गांभीर्य नावात घालावे लागत नाही, ते कामातून येते. ‘राजहंस’, ‘पॉप्युलर’, ‘मॅजेस्टिक’, ‘कॉन्टिनेन्टल’ या नावांतही पुस्तकाचा उल्लेख नाही. त्यांतली तीन तर सरळ इंग्रजी आहेत, पण मराठी वाचकाने ती कधी परकी मानली नाहीत. बाहेरचे उदाहरण पेंग्विनचे. अॅलन लेन यांनी 1935 मध्ये सहा पेन्सांची पुस्तके काढली, तेव्हा हे नाव कचेरीतल्या सेक्रेटरीने सुचवले. मग एडवर्ड यंग या तरुण सहकाऱ्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवून पक्ष्याची रेखाटने करून घेतली. नाव आणि चित्र एकच झाले. नाव छोटे असावे याला व्यावहारिक कारणही आहे. पुस्तकाच्या कण्यावर जागा किती असते? शंभर पानांच्या कवितासंग्रहाच्या कण्यावर पुस्तकाचे आणि कवीचे नाव बसवतानाच मुखपृष्ठकाराची ओढाताण होते. तिथे ‘अमुक साहित्य प्रकाशन मंदिर’ लिहिणार कुठे?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वाचक लेखकाचे नाव पाहून पुस्तक घेतो, प्रकाशकाचे नाही. वाचकापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याआधी ते विक्रेता मागवतो, ग्रंथपाल यादीत घालतो, वितरक बिलावर लिहितो, आणि ही सगळी कामे प्रकाशनाच्या नावाने चालतात. तिथे दोन नावांचा घोळ झाला की मागणी भलतीकडे जाते. शिवाय नव्या लेखकाला वाचक ओळखत नसतो, तेव्हा प्रकाशनाचे नावच त्याची हमी देते. 1963 मध्ये भालचंद्र नेमाडे नवखे असताना त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी काढली ती ‘देशमुख आणि कंपनी’ने. म्हणजे साधे आडनावही चालते, मात्र रा. ज. देशमुखांसारखा माणूस त्यामागे उभा असावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘ग्रंथाली’च्या नावात तर ग्रंथच आहे, मग ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ ही आत्मकथने काढणारी ही संस्था घरोघर कशी पोचली? त्याचे श्रेय तिच्या वाचक चळवळीला आहेच, पण ग्रंथाली हा शब्द नेहमीच्या दीप-धारा-वेल छापाचा नाही. तो एकदा ऐकला की दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. हाच वेगळेपणा कायद्यालाही हवा असतो. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार मालाचे नुसते वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी अवघड जाते. त्यामुळे उद्या कुणी मिळतेजुळते नाव घेतले, तर ‘ज्ञान’ किंवा ‘साहित्य’वर हक्क सांगता येत नाही.

म्हणून नवे प्रकाशन काढणाऱ्यांना विनंती आहे. लेटरहेड छापण्याआधी ठरवलेले नाव दुसऱ्या गावच्या एखाद्या पुस्तक विक्रेत्याला फोनवर एकदाच सांगा आणि त्याला ते लिहून घ्यायला सांगा. त्याने ते चुकीचे लिहिले किंवा ‘कोणते, ते पुण्याचे का?’ असे विचारले, तर दुसरे नाव शोधा.