खतावणी आणि तिजोरी

६ एप्रिल २०१४ हा रविवार होता. त्या दिवशी नायजेरियाला कळले, की आपण समजत होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट श्रीमंत आहोत! २०१३ सालच्या देशांतर्गत उत्पादनाचा जुना आकडा होता सुमारे २७० अब्ज डॉलर. नवा निघाला ५१० अब्ज. दक्षिण आफ्रिका मागे पडली आणि नायजेरिया आफ्रिका खंडात पहिला आला. पश्चिम आफ्रिकेतल्याच घानाने हा चमत्कार नोव्हेंबर २०१० मध्ये करून दाखवला होता. तिथली वाढ ६० टक्क्यांची.

बँकेत रात्री बॅलन्सिंग जुळले नाही, की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि पुढे ती शोधत बसायचे, हा आमचा शिरस्ता. राष्ट्राच्या हिशेबातही तसेच असते. उत्पादन मोजून आलेली बेरीज आणि खर्च मोजून आलेली बेरीज कधीच तंतोतंत जुळत नाही. आपल्या सरकारी तक्त्यातही 'विसंगती' अशी एक ओळ छापलेली असते. मला ती ओळ प्रामाणिक वाटते. घाना आणि नायजेरियातली मोठी तफावत मात्र अशा कुठल्याच ओळीत दिसत नव्हती. ती आधारवर्षात लपली होती.

कोणत्या व्यवसायाला हिशेबात किती वजन द्यायचे, हे आधारवर्ष ठरवते. घाना २०१० पर्यंत १९९३ चे माप वापरत होता, नायजेरिया २०१४ पर्यंत १९९० चे. नायजेरियाच्या चित्रपटधंद्याला उभारी देणारा 'लिव्हिंग इन बाँडेज' आला १९९२ मध्ये, मोबाइल फोन आले २००१ मध्ये. जुन्या मापात त्यांना जागा कुठून असणार? घानातही नव्या मापाने सेवाक्षेत्र शेतीच्या पुढे गेले. म्हणजे नवा आकडा खोटा नव्हता. उलट जुन्यापेक्षा खराच होता.

मग तक्रार कशाची? धोका सावकाराच्या खोलीत आहे. कर्ज देताना उत्पन्नाशी त्याचे प्रमाण पाहतात. भागाकारातला छेद एका रात्रीत फुगला, की तेच कर्ज हलके दिसू लागते. पण हप्ता उलाढालीतून भरता येत नाही, तो गल्ल्यातल्या रोकडीतून भरावा लागतो, हे कुठलाही शाखाधिकारी सांगेल. नव्या आधारवर्षाने कराची वसुली एका पैशानेही वाढली नाही. उलट, उत्पन्नाच्या मानाने कर किती तोकडा आहे, तेच उघडे पडले. माझ्या मते त्या दिवशी वाचायचा आकडा हा होता, आणि तो फारसा कोणी वाचला नाही. पहिल्या क्रमांकाच्या मथळ्यापुढे तो कोण वाचणार!

२०२२ मध्ये नायजेरियाचे कर्ज उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून कमी होते, म्हणजे कागदावर प्रकृती ठणठणीत. तरी २०२२ च्या पहिल्या चार महिन्यांत तिथल्या केंद्र सरकारचा कर्जफेडीचा खर्च त्याच्या महसुलाहून अधिक झाला. घाना २०१० नंतर मध्यम उत्पन्नाच्या देशांत जाऊन बसला, परदेशी बाजारात रोखे विकत राहिला, २०१८ मध्ये पुन्हा आधारवर्ष बदलून आकडा आणखी वाढवून घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली. कोरोना, महागाई, सेडी या चलनाची घसरण, ही कारणे आहेतच. सगळा दोष संख्याशास्त्रज्ञांवर ढकलणे अन्यायाचे होईल. त्यांनी माप दुरुस्त केले, उधळपट्टी इतरांनी केली.

त्याच महिन्यात देशातल्या रोख्यांची मुदत लांबवून व्याज कमी करण्याची योजना सरकारने आणली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अक्रा शहरात अर्थमंत्रालयाच्या दाराशी पेन्शनर मंडळी फलक घेऊन उभी राहिली. म्हातारपणाची पुंजी त्यांनी सरकारी रोख्यांत ठेवली होती. त्यांच्यात घानाच्या माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफोही होत्या.