संगणकाचा पहारेकरी

सुरतेत ज्यांनी १९९४ चा सप्टेंबर पाहिला आहे, त्यांना साथ म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. प्लेगच्या बातमीसरशी लाखो माणसे शहर सोडून निघाली आणि टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासे झाले. औषधाने रोगी वाचले हे खरे. परंतु शहराचे रूप पालटले ते त्यानंतर, १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत रोजच्या सफाईला जी शिस्त लागली, तिच्यामुळे. औषध निराळे आणि स्वच्छता निराळी. हा धडा आम्हांला गेल्या वर्षी पुन्हा गिरवावा लागला, आणि तोही मंडळाच्या कचेरीतील संगणकापुढे बसून!

त्या संगणकात वधूवर नोंदणी होती, तसाच विद्यार्थी साहाय्य निधीचा हिशेबही होता. एके दिवशी कुरिअरचे बिल म्हणून एक ईमेल आली. सोबतची फाइल उघडताच अँटिव्हायरसने धोक्याची सूचना दिली. पार्सल येणार होतेच. तेव्हा ‘उगाच अडवतो मेला’ म्हणून आम्ही त्याला स्वतःच्या हाताने गप्प बसविले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी तेवढी दिसत होती. अँटिव्हायरसची वार्षिक वर्गणी आम्ही वेळेवर भरली होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मग हा पहारेकरी करतो तरी काय? संगणकाचा व्हायरस हा सजीव जंतू नव्हे. तो माणसानेच लिहिलेला प्रोग्राम, स्वतःच्या नकला काढीत पसरणारा. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीवरून देशोदेशी गेला. त्यावरचा उताराही पुढे दोन भावांच्याच हातून निघाला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. रेडिओ आणि कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी पुण्यात १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आणले.

अशा सॉफ्टवेअरचे काम पोलीस चौकीवरील जमादारासारखे असते. त्याच्यापाशी ज्ञात गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची वही असते. आत येणाऱ्या प्रत्येक फाइलचे ठसे तो त्या वहीशी ताडून पाहतो आणि जुळले तर तिला अलग कोठडीत टाकतो. वहीत नवी पाने रोज जोडावी लागतात. म्हणूनच ‘अपडेट’ चुकवू नये. जो वहीत नाही, त्याची चालचलणूक तो पाहतो. एखादा प्रोग्राम भराभर शेकडो फाइली बदलू लागला, तर त्याला संशय येतो. मात्र संशय म्हटला की चूक आलीच. कधी साव अडतो, कधी चोर सुटतो.

उणेपणा येथूनच सुरू होतो. अगदी नव्या व्हायरसचा ठसा कोणाच्याच वहीत नसतो. शिवाय भिंतीलाच भगदाड असेल, तर दारावरच्या जमादाराने काय करावे? मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दीडशेंहून अधिक देशांत उत्पात केला. त्याने वापरलेले विंडोजमधील भगदाड बुजविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती; अनेकांनी ती लावून घेतली नव्हती. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. तो तर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच शिरला, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. विश्वासू गड्याच्या टोपलीतूनच साप यावा, तसा हा प्रकार. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बनावट यंत्रणा उभी करून एटीएमच्या व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली होती. एकाच घरासाठी मुद्दाम घडविलेली किल्ली चौकीच्या वहीत कोठून सापडणार?

आणि ज्याला घरधनी स्वतःच दार उघडून देतो, त्याला कोण अडविणार? फोनवर ‘पोलीस’ म्हणून दरडावणाऱ्याला आपण ओटीपी सांगितला, तर तेथे अँटिव्हायरसचा काही इलाज चालत नाही.

आमचे पुढे काय झाले? फाइलींच्या नकला होत्या. पण ज्या हार्ड डिस्कवर होत्या, ती संगणकालाच जोडलेली असे. तीही कुलूपबंद झाली. तारले ते मंडळाच्या वयोवृद्ध खजिनदारांनी. त्यांनी आमची थट्टा सोसून हस्तलिखित खतावणी चालू ठेवली होती. पण दृष्टी मंदावल्यामुळे शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी तीत नव्हत्या. त्यासाठी आम्ही लिंबायत आणि उधना येथे घरोघर हिंडलो. एका विधवा भगिनीने मुलाच्या शुल्काची पावती डब्यातून काढून आमच्या हाती दिली आणि विचारले, “पुढचा हप्ता मिळेल ना?” त्या प्रश्नापुढे आमची मान खाली गेली. हप्ता दिला, पण दीड महिना उशिरा.

तेव्हा वाचकहो, अँटिव्हायरस अवश्य बाळगा आणि तो बोलेल ते ऐका. अपडेट पुढे ढकलू नका. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत काढून, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. आणि ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहा. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा.

मंडळाची डिस्क आता दर शनिवारी खजिनदारांच्या कपाटात जाते. किल्ली त्यांच्यापाशी असते, आणि ती मागताना आम्ही आता थट्टा करीत नाही.