बांधावरची मारामारी: एनसी की एफआयआर, ठरतं जखमेवरून

पेरणी तोंडावर आली की बांधाची भांडणं निघतात. मार खाल्लेला माणूस पोलीस ठाण्यात जातो, एनसीचा कागद घेऊन परततो आणि ‘केस केली’ असं गावात सांगतो. प्रत्यक्षात तपास सुरूच झालेला नसतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही साधी दुखापत, म्हणजे कलम ११५(२), अदखलपात्रच आहे. अशा गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. इथे ठाणे अंमलदारावर चिडून उपयोग नाही, कायदाच तसा आहे.

हाड मोडलं, दात पडला किंवा १५ दिवस अंग इतकं दुखलं की रोजची कामं जमली नाहीत, तर ती गंभीर दुखापत. जुन्या कायद्यात हे दिवस २० होते. हा गुन्हा दखलपात्र, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. विळा-कुऱ्हाडीने मुद्दाम वार केला असेल, तर जखम लहान असली तरी कलम ११८ लागतं. अर्थात फिर्यादीत नाव आलं म्हणजे माणूस दोषी ठरला असं नाही. मारण्याचा हेतू होता की झटापटीत पडून हाड मोडलं, हे कोर्टात पुराव्यानेच ठरतं.

म्हणून सरकारी दवाखान्याचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. एनसीनंतर एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं, तर तो कागद ठाण्यात द्यावा. कलमं वाढू शकतात. दखलपात्र गुन्हा असूनही नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही, तर तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.