मत नसलेल्यांचे कायदे

अमेरिकेतील लोकप्रतिनिधींच्या राज्याची सुरुवात म्हणून ३० जुलै १६१९ हा दिवस अभिमानाने सांगितला जातो. व्हर्जिनिया वसाहतीतील जेम्सटाउनच्या चर्चमध्ये त्या दिवशी पहिली विधिसभा भरली. ११ वस्त्यांनी तिच्यासाठी प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडले होते. ज्या वसाहतीने १६०९-१०च्या हिवाळ्यात शेकडो भूकबळी पाहिले आणि त्यानंतर लष्करी कायद्याचा जाच सोसला, तिथल्या रहिवाशांना आपले नियम आपण करण्याची मुभा मिळाली. तंबाखूचा भाव, जुगार आणि दारूबाजीवरील दंड असे रोजच्या जगण्यातले प्रश्न त्यांनी हाती घेतले. हे मोठेच पाऊल होते.

महिना उलटत नाही तोच ‘व्हाइट लायन’ हे जहाज पॉइंट कम्फर्टला लागले. त्यातून आणलेले वीसहून थोडे अधिक आफ्रिकी लोक अन्नधान्याच्या बदल्यात विकले गेले. या माणसांचे आणि त्यांच्या मुलांचे काय करायचे, हे पुढे याच विधिसभेने ठरवले.

एलिझाबेथ की या स्त्रीचा खटला त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तिची आई गुलाम आफ्रिकी, वडील इंग्रज आणि विधिसभेचे सभासद. १६५५ मध्ये तिने स्वातंत्र्यासाठी दावा लावला. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे अपत्याला बापाचा दर्जा मिळतो. आपला बाप्तिस्मा झालेला आहे. आणि आपल्या चाकरीची ठरलेली मुदत केव्हाच संपली आहे, असे तिचे म्हणणे होते. वरच्या न्यायालयात एकदा हार पत्करूनही १६५६ मध्ये ती मुक्त झाली. विधिसभेच्या समितीनेही तिचीच बाजू उचलून धरली होती.

अवघ्या सहा वर्षांत, १६६२ मध्ये, त्याच सभेने कायदा केला: अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा कायदा आला: बाप्तिस्म्याने गुलामी सुटणार नाही. एलिझाबेथच्या तीनपैकी दोन युक्तिवादांच्या वाटा अशा बंद झाल्या. मळेवाल्याने गुलाम स्त्रीवर अत्याचार केला, तरी होणारे मूल त्याचीच मालमत्ता ठरू लागले. १६७० मध्ये मतदानही जमीन किंवा घर असलेल्यांपुरते उरले.

हे सारे रीतसर बैठकीत, निवडून आलेल्या माणसांनी केले. कुणा राजाचा हुकूम त्यासाठी लागला नाही. म्हणूनच जेम्सटाउनचा गौरव करताना १६६२ हे वर्षही १६१९ इतक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. सभागृह किती जुने, यावरून त्याची थोरवी ठरत नाही. ज्यांना मत देता येत नाही, त्यांच्याविषयी ते कोणते कायदे करते, यावरून ती ठरते. आणि या कसोटीवर व्हर्जिनियाची विधिसभा नापास झाली.