सहा कोसांवरून बारा कोसांवर

गेल्या महिन्यात असरची नमाज आटोपून मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. चप्पल पायात सरकवली तोच मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी अडवलं. म्हणाले, "मास्टर, बच्च्यांना कोठ्यावरच्या बायकांच्या गोष्टी वाचून दाखवता म्हणे तुम्ही?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. त्यांची नात बारावीला आहे, माझ्या वर्गात. मी विचारलं, "चाचा, तुम्ही वाचलीत का ती गोष्ट?" म्हणाले, "कशावर आहे ते कळलं. तेवढं पुरे."

ते 'तेवढं पुरे' महिनाभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण ज्या गोष्टीबद्दल ते बोलत होते, ती गोष्ट नेमकी 'तेवढं पुरे' म्हणणाऱ्यांचीच आहे.

गोष्ट म्हणजे गुलाम अब्बास यांची 'आनंदी'. अब्बास १९०९ साली अमृतसरला जन्मले, लाहोरमध्ये मुलांच्या आणि बायकांच्या मासिकांत कामाला होते, पुढे दिल्लीत ऑल इंडिया रेडिओच्या 'आवाज' या पत्रिकेचे संपादक झाले. फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९८२ मध्ये कराचीत वारले. मंटो, इस्मत यांच्याइतका गाजावाजा त्यांचा झाला नाही. श्याम बेनेगल यांचा १९८३ चा 'मंडी' पाहिलेले पुष्कळ मराठी वाचक असतील. तो याच कथेवरून आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

कथा सुरू होते नगरपालिकेच्या सभेपासून. सभागृह खचाखच भरलेलं आहे आणि एरवी कधी होत नाही ते आज झालंय, एकही सभासद गैरहजर नाही. विषय एकच, शहराच्या ऐन मध्यावर राहणाऱ्या बाजारू बायकांना शहराबाहेर काढायचं. भाषणं होतात. कोणाला समाजाची चिंता, कोणाला तरुणांची, कोणाला आपल्या घरातल्या सुनांची. बाजारात येणाऱ्या शरीफ घरच्या बायका या बायकांचा थाट पाहतात आणि घरी जाऊन नवऱ्याकडे अत्तर-साड्यांचा हट्ट धरतात, हेसुद्धा एक कारण म्हणून पुढे येतं. ठराव होतो. बायका आरडाओरडा करतात, काहीजणी दंड भरतात, तुरुंगातही जातात, पण उपयोग होत नाही. शहरापासून सहा कोसांवरची ओसाड जागा त्यांना मिळते. त्यांतल्या पैसेवाल्या चौदाजणी तिथं घरं बांधायला काढतात.

इथून पुढं अब्बास यांनी जे केलंय ते मला दरवर्षी नव्यानं चकित करतं. ते काहीच बोलत नाहीत, नुसती मोजदाद करत जातात. बांधकामावर गवंडी-मजूर आले. मजूर आले म्हणून एका म्हातारीनं पोराला घेऊन पान-विडीचं, चण्या-फुटाण्याचं लहानसं दुकान मांडलं. कोणी पाण्याचा माठ ठेवला, कोणी कबाब आणले. पडक्या मशिदीची झाडलोट झाली, तिला इमाम मिळाला. एका पीराची मजार सापडली, तिला मुजावर मिळाला. घरं उठली तेव्हा राहायला येण्याआधी त्या बायकांनी मोठी नियाज केली, गोरगरिबांना जेवू घातलं. मग दुकानं भाड्यानं गेली. शिंपी, न्हावी, फुलवाले आले. टांगे सुरू झाले, मग शाळा, पोस्ट, स्टेशन, कोर्ट, तुरुंग. वीस वर्षांत अडीच लाख वस्तीचं शहर उभं राहिलं आणि त्याला नाव मिळालं आनंदी. शहर झालं म्हणजे नगरपालिका आलीच. नगरपालिकेची सभा भरते. सभागृह खचाखच भरलेलं, एकही सभासद गैरहजर नाही. विषय तोच. आपल्या प्राचीन शहराच्या ऐन मध्यावर या बायकांना जागा द्यायची अवदसा कोणाला सुचली असेल, असा सवाल एक सभासद करतो. या वेळी जागा निवडली जाते ती बारा कोसांवर.

चाचांना सांगायला हवं होतं की या सगळ्यात अंगावर यावी अशी एक ओळ नाही. कोठ्यात काय चालतं त्याचं वर्णन नाही. बारावीच्या मुलीपुढे वाचताना आवाज खाली करावा लागत नाही. ज्यांना फहाशीची भीती वाटते त्यांनी ही कथा डोळे मिटून मुलांच्या हाती द्यावी. भीती वाटायला हवी ती सभागृहात बसलेल्यांना.

पण माझं भांडण एकट्या चाचांशी नाही. ते वाचत नाहीत, निदान तसं उघड सांगतात. वाचतो, शिकवतो आणि तरी गोष्टीच्या तोंडावर हात ठेवतो तो माझा पेशा. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला शिकवलं. त्यात गाभाघटक आणि मूल्यं यांचा रकाना असायचा. दहा मूल्यं ठरलेली होती. नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता वगैरे. प्रत्येक पाठाला त्यांतलं एखादं चिकटवल्याशिवाय टाचणावर सही होत नसे. 'आनंदी'ला कुठलं चिकटवाल? वक्तशीरपणा म्हणाल तर चालेल, सभासद सगळे वेळेवर आले होते. उर्दूच्या पेपरात 'मरकजी खयाल' विचारतात, मराठीच्या पेपरात 'मध्यवर्ती कल्पना'. गोष्ट पिळून एक वाक्य काढायचं आणि चोथा फेकून द्यायचा. त्या वाक्याला मार्क.

माझे विद्यार्थी दोन प्रकारची वाक्यं काढतात. पहिलं असं की वेश्याव्यवसाय कधीच संपत नाही, तो समाजाची गरज आहे. हे मला सगळ्यात घाणेरडं वाचन वाटतं, आणि गंमत म्हणजे स्वतःला पुरोगामी म्हणवणारे माझे काही सहकारी हेच सांगतात. गरज कोणाची? आणि ती भागवायला जन्म कोणी घालवायचा? अब्बास यांनी आनंदी शहराचा गौरव कुठे केलाय? शहर वसतं ते चार पैसे सुटतील तिथं माणूस दुकान मांडतो म्हणून. त्या बायका जिथं होत्या तिथंच राहतात, फक्त त्यांच्याभोवती बाजार वाढतो.

दुसरं वाक्य जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त फसवं. मुलं लिहितात, 'लेखकाने समाजाच्या दांभिकतेवर प्रहार केला आहे.' पूर्ण मार्क. मी स्वतः वर्षानुवर्षं दिले. आता देताना हात अडतो. कारण अब्बास यांच्या सभेत 'समाज' नावाचा कोणी सभासद नाही. तिथं माणसं आहेत. त्यांना घरं आहेत, हिशोब आहेत, मुलीबाळी आहेत. 'समाज दोषी आहे' असं लिहिलं की लिहिणारा अलगद त्या सभागृहातून बाहेर पडतो, वही मिटतो, डबा खायला जातो. चाचा गोष्ट वाचायचं टाळतात, आम्ही 'समाज' हा शब्द वापरून तेच टाळतो.

त्या सभेतली एक जागा मी वर्गात दोनदा वाचतो. इतक्या भाषणांनंतर एक सभासद भाबडेपणानं विचारतो, या बायका लग्न का करून घेत नाहीत? त्यावर मोठा हशा पिकतो. हशा ओसरल्यावर अध्यक्ष उत्तर देतात, की तसं त्यांना बऱ्याचदा सुचवलं. त्यांचं म्हणणं, प्रतिष्ठित लोक खानदानाच्या इज्जतीपायी त्यांना घरात घेणार नाहीत, आणि त्यांच्या पैशावर डोळा ठेवून जे गरीब तयार होतील त्यांना त्या स्वतः तोंड लावणार नाहीत. सगळ्या सभेत त्या बायकांचं म्हणणं ऐकू येतं ते एवढंच, तेही दुसऱ्याच्या तोंडून, आणि हशानंतर.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला इथं तेंडुलकर आठवतातच. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्येसुद्धा सुरुवात हसण्याखिदळण्यानंच होते. खेळ म्हणून खटला भरतो आणि बघता बघता बेणारे बाई, ज्या शाळेत शिकवतात, खरोखरच्या आरोपी होतात. तिथं प्राध्यापक दामले मात्र आलेले नसतात, ज्यांच्यामुळे बाईंवर ही वेळ आली. 'आनंदी'च्या सभेत एकही माणूस गैरहजर नाही, 'कोर्ट'मध्ये नेमके दामले गैरहजर आहेत. हजेरीपट घेऊन या दोन कलाकृती शेजारी शेजारी शिकवाव्यात असं मला वाटतं. उर्दूच्या मुलांना तेंडुलकर आणि मराठीच्या मुलांना अब्बास माहीत नसतात, हे आपल्या शाळांचं आणखी एक दुखणं. त्यावर पुन्हा कधीतरी.

कोणी म्हणेल, हे सगळं जुन्या काळातलं. २००५ साली आपल्याच महाराष्ट्रानं डान्सबार बंद केले. तरुण बिघडतात, संसार मोडतात, ही भाषा आठवून पाहा. आणि कायद्यात सोय काय होती? तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदीतून सूट. म्हणजे नाच वाईट नव्हता, बघणाऱ्याचा खिसा लहान असणं वाईट होतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. मधल्या आठ वर्षांत त्या बायका किती कोसांवर गेल्या याची विचारपूस करायला कुठली सभा भरली नाही.

हेही लांबचं झालं. मुंबई लांब, विधानसभा लांब. आता जवळचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय वरचं सगळं मास्तरकीच ठरेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात एक तलाकशुदा बाई भाड्यानं राहायला आली. शिलाई करायची, लग्नसराईत मेंदी काढायची. एक मुलगी, आमच्याच शाळेत नववीला, माझ्याच वर्गात. सहा-आठ महिन्यांत कुजबुज सुरू झाली की तिच्याकडे रात्री-बेरात्री माणसं येतात. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, याची विचारणा झाली नाही. एका इतवारी ईशानंतर बैठक बसली. एरवी गटाराच्या प्रश्नावर बोलावलं तर पाच माणसं जमत नाहीत. त्या रात्री बसायला जागा नव्हती.

तिच्यावर बरंच बोलून झालं. मग कोपऱ्यातून एका रिक्षावाल्या पोरानं विचारलं, "तिच्या घराचं भाडं कसं भागतं, कधी कोणी विचारलं का?" सगळे हसले. का हसले ते तुम्हाला कळलंच असेल. मीही हसलो. ते हसणं माझ्या कानात अजून आहे, कारण त्याच वर्षी मी वर्गात 'आनंदी' दोनदा वाचली होती आणि हशाच्या त्या जागेवर थांबून मुलांना विचारलं होतं, इथं हसू कशाचं आलं?

घरमालकावर दबाव आणायचं ठरलं आणि पोलीस ठाण्यातही अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज मराठीत हवा. मराठी चांगलं कोणाचं? मास्तरांचं. मी तिथंच बसून लिहिला. 'परिसरातील तरुण पिढीवर विपरीत परिणाम होत असून' हे वाक्य माझं. लोकांनी वाहवा केली. खाली एकवीस सह्या झाल्या, पहिली माझी.

आम्ही दीनदार माणसं. सूरह हुजुरात आमच्या खुत्ब्यांत वरचेवर येते; संशय टाळा, दुसऱ्याच्या पाळतीवर राहू नका, पाठीमागं निंदा करू नका, हे तिचंच सांगणं. पाकदामन बाईवर आळ घेणाऱ्यानं चार साक्षीदार आणावेत, नाहीतर फटके त्यालाच, हे सूरह नूरमध्ये. त्या रात्री बैठकीत एक हाफिज होते, दोन हाजी होते आणि मी होतो. चार साक्षीदार सोडा, एकही नव्हता. ज्या किताबाच्या नावानं आम्ही तिला बाहेर काढलं, त्या किताबाच्या हिशोबानं फटके एकवीस सह्यांच्या वाट्याला येत होते.

पंधरा दिवसांत ती गेली. मुलीचा दाखला न्यायला स्वतः आली. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. क्लार्कनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "पालकांचे स्थलांतर." तिनं दाखला नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला सलाम करून गेली. अर्ज कोणाच्या हातचा, हे तिला ठाऊक होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून चाचांना माझं उत्तर असं की ही गोष्ट मी शिकवणार. तुमच्या नातीला शिकवणार, कारण एक दिवस तिच्याबद्दलही कुठंतरी बैठक बसू शकते, आणि तिला स्वतःलाही एखाद्या बैठकीत बसावं लागेल. मोहल्ल्यातल्या त्या रात्री तुम्हीही होतात, चाचा. तुमची सही तिसरी आहे.

त्या अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. यंदा 'आनंदी' वाचून झाली की बाईचं नाव आणि सगळ्या सह्या झाकून, माझी तेवढी उघडी ठेवून, ती मुलांना वाटणार आहे. भाषा तपासा म्हणेन. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सापडणार नाही त्यांना.